पार्श्वभूमी: होतकरू खेळाडू आणि एनएचएल संघ यांचं बिनसतं कुठे

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये, अधूनमधून एक बातमी ठरल्यासारखी येते. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा दुय्यम लीगमध्ये जायला नकार देतो, संघ त्याला बिनपगारी निलंबित करतो आणि एजंट निवेदन काढतो. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो मुलगा लाडावलेला आहे, दुसरा म्हणतो प्रशिक्षकाने त्याला वाया घालवलं. दोघंही स्वभावाबद्दल बोलतात. पण यातली बरीच भांडणं उभी राहतात ती नियमांच्या चौकटीतून, आणि त्यातही एका तरतुदीतून, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: तरुण खेळाडूंना वेव्हर्समधून, म्हणजे खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांना फुकट देऊ करण्याच्या नियमातून, मिळणारी सूट.

ही चौकट कशी तयार झाली ते बघायला थोडं मागे जावं लागतं. 1960च्या दशकापर्यंत एनएचएलचे संघ मुलांना कोवळ्या वयातच बांधून घेत. संघाच्या आश्रयाखालचे ज्युनियर क्लब असत आणि 'सी फॉर्म' नावाच्या कागदावर सही झाली की त्या मुलाचे व्यावसायिक हक्क त्या संघाचे होत. बॉबी ऑर 1962 मध्ये बोस्टन ब्रुइन्सशी बांधला गेला तेव्हा तो 14 वर्षांचा होता. व्यावसायिक करारात 'रिझर्व्ह क्लॉज' असे, म्हणजे करार संपला तरी खेळाडू संघाचाच राही. आवाज उठवणाऱ्याचं काय होई, हे 1957 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. टेड लिंडसेने 85 गुणांचा (गोल आणि असिस्ट मिळून) हंगाम खेळून दाखवला होता, पण त्याच वर्षी त्याने खेळाडूंची संघटना उभी करायला घेतली होती. त्याच्या डेट्रॉइट संघाने त्याला जुलैत शिकागोला पाठवून दिलं. आजची एनएचएलपीए ही संघटना टिकून उभी राहिली ती 1967 मध्ये.

पहिला ड्राफ्ट 1963 मध्ये माँट्रियलला झाला आणि 'सी फॉर्म'ची पद्धत त्या दशकात मावळली. 1972 मध्ये डब्ल्यूएचए ही प्रतिस्पर्धी लीग आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातले न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी रिझर्व्ह क्लॉजच्या जोरावर खेळाडूंना अडवायला एनएचएलला मनाई केली. डब्ल्यूएचए विशीच्या आतल्या मुलांनाही करार देत होती. 1979 मध्ये तिचे चार संघ एनएचएलमध्ये सामावले गेले आणि पाठोपाठ ड्राफ्टचं किमान वय 20 वरून 18 वर आलं. आजच्या वादांच्या दृष्टीने हा बदल सगळ्यात महत्त्वाचा आहे. अठराव्या वर्षी निवडलेला मुलगा शरीराने अजून घडत असतो, पण त्याच्याभोवतीच्या अपेक्षा मात्र त्याच दिवशी पूर्ण वाढलेल्या असतात.

नकाराचं हत्यार खऱ्या अर्थाने चाललं ते एरिक लिंड्रोसच्या हाती. 1991 मध्ये क्यूबेक नॉर्डिक्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्याने जर्सी घालायलाही नकार दिला आणि एक अख्खा हंगाम ज्युनियर व कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून काढला. दोन वर्षांत करार झाला नसता तर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये जाऊ शकला असता, त्यामुळे क्यूबेकवरही घड्याळाचा दाब होता. जून 1992 मध्ये क्यूबेकने त्याचा सौदा फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स अशा दोघांशी केल्याचं समोर आलं. लवाद लॅरी बर्टुझी यांनी 30 जूनला फिलाडेल्फियाच्या बाजूने निकाल दिला. क्यूबेकला पीटर फोर्सबर्गसह खेळाडूंचा ताफा, पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) आणि दीड कोटी डॉलर मिळाले. पण लिंड्रोस तेव्हा जगातला सर्वात मोलाचा तरुण खेळाडू होता. धडपडणाऱ्या मुलाने त्याचा कित्ता गिरवला तर तोच परिणाम होत नाही, आणि पुढची अनेक प्रकरणं नेमकी इथेच फसली.

1993 मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेगला पाच वर्षांसाठी सव्वाबारा दशलक्ष डॉलर दिले, तेही त्याने एकही सामना खेळण्याआधी. मालक बिथरले. 1994-95च्या टाळेबंदीनंतरच्या करारात नवोदितांच्या पगाराला मर्यादा आली आणि 'एन्ट्री लेव्हल करार' आज दिसतो तसा झाला. 18 ते 21 वयात सही केली तर मुदत तीन वर्षं. ज्यांची प्रकरणं पुढे येतात त्या ड्रुआँ, पुलयूयार्वी यांच्या पिढीला मूळ पगाराची वार्षिक मर्यादा 9 लाख 25 हजार डॉलर होती. हा करार नेहमी 'टू-वे' असतो, म्हणजे दुय्यम अमेरिकन हॉकी लीगमध्ये, एएचएलमध्ये, पाठवल्यावर त्या दिवसांचा पगार वेगळ्या दराने मोजला जातो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2013च्या सामूहिक करारात त्या दराची कमाल होती वर्षाला 70 हजार. खाली पाठवण्यात अपमान आहेच, पण त्याबरोबर रोजचा पगार तेरापटीपर्यंत घसरू शकतो.

आता वेव्हर्स. एनएचएलमध्ये सक्रिय यादी 23 जणांची असते आणि सामन्याला 20 जण उतरतात. अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं, आणि 24 तासांत कुठलाही दुसरा संघ त्याला फुकट उचलू शकतो. तरुणांना यातून सूट आहे. अठराव्या वर्षी सही केलेल्याला साधारण पाच वर्षं किंवा 160 सामने, यातलं जे आधी संपेल तोवर. त्याने अठरा-एकोणिसाव्या वर्षी एका हंगामात 11 सामने खेळले तर मुदत त्या हंगामापासून तीन वर्षांवर येते.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? एखादा जखमी खेळाडू परतला आणि यादीत 24 जण झाले. जनरल मॅनेजरसमोर दोन नावं आहेत: चौथ्या फळीतला तिशीचा खेळाडू, ज्याला खाली पाठवलं तर तो हातचा जाईल, आणि विशीचा मुलगा, ज्याला पाठवलं तर काहीच जात नाही. मुलगा बरा खेळत असला तरी जातो तोच. शिवाय सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, दिवसागणिक मोजली जाते, त्यामुळे सूट असलेल्याला दोन-चार दिवस खाली पाठवून कॅपमध्ये जागा वाचवता येते. मुलाला यातला हिशेब दिसत नाही. त्याला दिसतं ते इतकंच की आपण त्या तिशीच्या खेळाडूपेक्षा चांगलं खेळलो आणि बॅग आपल्याला भरावी लागली. इथे व्यवस्थापनाने स्पष्ट बोलायला हवं, आणि बहुतेक वेळा ते तिथेच कमी पडतं.

दुसरा फास ज्युनियरचा. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधून निवडलेल्या मुलाला वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येत नाही. एकतर एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. ज्या लीगमध्ये त्याच्यासाठी आव्हान उरलेलं नाही तिथे परत, किंवा ज्या लीगसाठी तो अजून तयार नाही तिथे चौथ्या फळीत रात्रीला आठ-नऊ मिनिटं. युरोपातून आलेल्यांना हे बंधन नाही. त्यात भर म्हणजे 18-19 वर्षांच्या मुलाने एनएचएलचे दहा सामने खेळले की कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं. त्याआधी खाली पाठवलं तर करार वर्षभर पुढे सरकतो. म्हणून नऊ सामन्यांनंतर मुलाला घरी पाठवल्याच्या बातम्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात.

या सगळ्या नियमांचा मार एकाच खेळाडूवर कसा बसतो ते जोनाथन ड्रुआँच्या प्रकरणात दिसतं. टॅम्पा बे लाइटनिंगने त्याला 2013 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. त्याआधीच्या हंगामात हॅलिफॅक्स मूसहेड्स या ज्युनियर संघाकडून त्याने 49 सामन्यांत 105 गुण केले होते. टॅम्पाने त्याला परत हॅलिफॅक्सला पाठवलं. तिथे त्याने 46 सामन्यांत 108 गुण केले, आणि त्यातून नवं काय शिकला हा प्रश्नच आहे. 2014च्या सप्टेंबरमध्ये अंगठा मोडला. पहिल्या एनएचएल हंगामात 70 सामन्यांत 28 असिस्ट पण गोल फक्त चार. संघ स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेला, ड्रुआँ प्लेऑफचे सहाच सामने खेळला. प्रशिक्षक जॉन कूपर यांना पकशिवायचा खेळ आणि बचावातली शिस्त हवी होती. जिंकणाऱ्या संघात ही मागणी रास्त असते, पण चुका करत शिकायला लागणारा बर्फावरचा वेळ त्याच संघात सगळ्यात कमी मिळतो.

नोव्हेंबर 2015 मध्ये त्याच्या बाजूने ट्रेडची, म्हणजे दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची, मागणी झाली, पण खासगीत. साधारण पद्धत अशीच असते: एजंट जनरल मॅनेजरला भेटतो, मॅनेजर शांतपणे इतर संघांना फोन करतो आणि बाहेर कुणाला कळत नाही. हे गुपित जितकं टिकतं तितकी किंमत टिकते. 2 जानेवारी 2016 रोजी ड्रुआँला सिराक्यूज क्रंच या एएचएल संघात पाठवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी एजंट ॲलन वॉल्श यांनी मागणी जाहीर केली. 20 जानेवारीला ड्रुआँ सामन्याला हजर झाला नाही. त्याच्या बाजूचं कारण होतं की ट्रेड जवळ आला असताना दुखापतीचा धोका नको. संघाने बिनपगारी निलंबन केलं.

यानंतरचं गणित खेळाडूच्या विरोधात जातं. जाहीर झालेल्या वादात इतर मॅनेजर कमी बोली लावतात, कारण विकणारा अडकला आहे असं त्यांना वाटतं. पण टॅम्पाचे जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमन अडकलेले नव्हतेच. मुलगा करारात होता, पुढचे हक्क संघाकडे होते आणि निलंबनाच्या काळात पगार द्यायचा नव्हता. मनासारखा सौदा मिळाला नाही आणि फेब्रुवारीअखेर ट्रेडची मुदत उलटली. हंगामभर घरी बसून नुकसान कुणाचं, हे तेव्हा स्पष्ट झालं. मार्चमध्ये ड्रुआँ सिराक्यूजला परतला. तिथे तो आघाडीच्या फळीत खेळला, आणि जानेवारीतले सामने धरून त्या हंगामात सिराक्यूजकडून 17 सामन्यांत 11 गोल केले. एप्रिलमध्ये स्टीव्हन स्टॅमकोस रक्ताच्या गुठळीमुळे बाहेर गेला, जागा रिकामी झाली, ड्रुआँला बोलावलं गेलं आणि प्लेऑफच्या 17 सामन्यांत त्याने 14 गुण केले. पुढच्या हंगामात 53. जून 2017 मध्ये तो माँट्रियलला गेला, बदल्यात टॅम्पाने मिखाईल सर्गाचोव घेतला, ज्याने पुढे 2020 आणि 2021 असे दोन कप त्यांच्याकडून जिंकले. आयझरमननी 2016च्या जानेवारीत घाईने सौदा उरकला असता तर यातलं काही झालं नसतं. आणि ड्रुआँनेही एएचएलमधले ते सहा-सात आठवडे गमावायला नको होते. त्याला सर्वात जास्त गरज होती ती खेळण्याचीच.

नकाराचा वेगळा, आणि माझ्या मते अधिक शहाणा, मार्ग जेसी पुलयूयार्वीने धरला. एडमंटनने 2016 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला हा फिनिश विंगर अठराव्या वर्षीच 28 सामने खेळवून मग एएचएलमध्ये बेकर्सफील्डला पाठवला गेला. तीन हंगामांत 139 सामने, 37 गुण, आणि शेवटी दुखरा खुबा, ज्यावर 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पण तोवर त्याचा एन्ट्री लेव्हल करार संपला होता. तो 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' होता: हक्क एडमंटनचे, पण सही करण्याची सक्ती नाही. त्यामुळे निलंबनाचा प्रश्नच नव्हता. अशा खेळाडूने 1 डिसेंबरपर्यंत सही केली नाही तर तो त्या हंगामात एनएचएलमध्ये खेळू शकत नाही. त्याने ती तारीख जाऊ दिली आणि फिनलंडमधल्या औलूच्या कार्पात संघाकडून 56 सामन्यांत 53 गुण केले. दरम्यान एडमंटनमध्ये जनरल मॅनेजर बदलला होता. 2020 मध्ये पुलयूयार्वी दोन वर्षांच्या करारावर परतला आणि पहिल्याच छोट्या हंगामात 15 गोल केले. पुढे खुब्याने पुन्हा दगा दिला. तो भाग नियमांच्या हातातला नव्हता.

हीच 1 डिसेंबरची तारीख 2011 मध्ये काइल टरिसच्या वेळीही निर्णायक ठरली होती. फीनिक्सशी बिनसलेल्या टरिसने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सही केली आणि महिना उलटायच्या आत त्याला ओटावाला पाठवण्यात आलं. सही झालेला खेळाडू विकायला सोपा असतो. सही न केलेला विकत घेणाऱ्याला पगाराची वाटाघाटही विकत घ्यावी लागते.

न्यूयॉर्क रेंजर्सच्या दोन प्रकरणांत मात्र कुणाचंच भलं झालं नाही. 2017च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडलेला लिआस अँडरसन डिसेंबर 2019 मध्ये रेंजर्सचा एएचएलमधला संघ हार्टफर्ड सोडून स्वीडनला गेला. निलंबन, मग एचव्ही71 या स्वीडिश संघाकडे उसनवारी, आणि दहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीच्या 60 क्रमांकाच्या पिकच्या बदल्यात लॉस एंजेलिस. 2018 चा नववा, विताली क्राव्त्सोव, 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये हार्टफर्ड टाळून रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या त्राक्तोर संघाकडे गेला. 2023 मध्ये त्याच्या बदल्यात रेंजर्सना एक राखीव दर्जाचा विंगर आणि सातव्या फेरीचा पिक मिळाला. युरोपीय खेळाडूंना घरी परतायची वाट असते, आणि म्हणून त्यांचं भांडण लवकर तुटेपर्यंत जातं. बाहेरच्या लीगमध्ये वर्षभर खेळून त्यांचा खेळ टिकतो, पण एनएचएलच्या छोट्या रिंकवर, तिथल्या वेगात तो चालेल की नाही हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, आणि भाव त्या शंकेनेच पडतो.

यातलं एक कलम आता सैल होत आहे. 2025च्या जुलैत ठरलेल्या आणि 2026-27च्या हंगामापासून लागू होणाऱ्या सामूहिक करारात, ज्युनियरमधून निवडलेल्या एका 19 वर्षांच्या खेळाडूला प्रत्येक संघाने एएचएलमध्ये ठेवण्याची वाट मोकळी करण्याची तरतूद आहे. 70 सामन्यांत चार गोलांच्या त्या हंगामात ड्रुआँ 19 वर्षांचा होता.