रॅन्समवेअर: किल्ली चोराकडे, प्रत आपल्याकडे

जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवरच्या १५ ठिकाणांहून माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हरमधील फायलींच्या नावांना ‘ईकिंग’ अशी शेपटी जोडली गेली, त्या उघडेनाशा झाल्या आणि त्या मोकळ्या करून देण्यासाठी बिटकॉइनच्या रूपात खंडणी मागण्यात आली. सर्व्हरवर अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनी झाली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. असे हल्ले फक्त मोठ्या कंपन्यांवर होतात असे मानणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक लहान कार्यालयाने ही घटना लक्षात ठेवायला हवी.

रॅन्समवेअर मुळात फायली पुसत नाही. तो त्या जागच्या जागी कूटबद्ध करतो, म्हणजे ‘किल्ली’ म्हटल्या जाणाऱ्या एका गुप्त संख्येशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून टाकतो. त्यासाठी बहुधा वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत बँका आणि सरकारे स्वतःची माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वापरतात तीच असते. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीचे संभाव्य प्रकार मोजायला गेलो, तर ती संख्या ७८ आकडी होते. त्यामुळे एकेक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग जगातल्या सर्वांत वेगवान संगणकालाही बंद असतो. ही किल्ली संगणकातच तयार होत असल्याने ती तिथेच सापडेल, अशी आशा वाटणे साहजिक आहे. पण काम होताच ती किल्ली हल्लेखोराच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली जाते, आणि ती उघडणारी जोडकिल्ली, म्हणजे खासगी किल्ली, फक्त हल्लेखोराकडे असते. १९८९ मध्ये फ्लॉपीवरून टपालाने पसरवलेल्या पहिल्या ज्ञात रॅन्समवेअरमध्ये ही दुहेरी व्यवस्था नव्हती, म्हणून त्यावर तोड काढता आली. आजच्या नीट रचलेल्या रॅन्समवेअरवर तशी तोड सहसा निघत नाही. अँटिव्हायरस नंतर चालवून तो कार्यक्रम काढून टाकता येतो, पण कूटबद्ध झालेल्या फायली तशाच राहतात. म्हणूनच खरे संरक्षण हल्ल्याच्या आधी करून ठेवावे लागते.

आत शिरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली वाट दुरुस्त न केलेल्या सॉफ्टवेअरची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याने वापरलेली विंडोजमधील फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जवळपास दोन महिने आधी, १४ मार्चला, दिली होती. ती ज्यांनी बसवून घेतली नव्हती त्यांच्याकडेच हा उपद्रव शिरला. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि तरीही म्हापसा-मडगावच्या बाजारातील अनेक दुकानांत बिले त्याच यंत्रांवर निघत असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी आणि नेहमी वापरली जाणारी वाट ईमेलची. ईमेल पाठवण्याचा मूळ नियम १९८२ मध्ये ठरला, तेव्हा पाठवणारा खरा आहे का हे तपासण्याची सोय त्यात ठेवलीच नव्हती; पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे ‘प्रेषक’ या ओळीत काहीही लिहिता येते. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तपासण्या आल्या, परंतु त्या फार तर डोमेन, म्हणजे पत्त्यातील ‘@’ नंतरचा भाग, खरे आहे एवढेच सांगतात. ते डोमेन तुमच्या ओळखीच्या माणसाचेच आहे, हे त्यांना ठरवता येत नाही.

कळंगुटच्या एखाद्या लहान गेस्ट हाउसच्या कचेरीत असे पत्र येते, असे समजा: नेहमीच्या पुरवठादाराचे नाव, जुन्याच पत्रव्यवहाराचा धागा, सोबत बिल आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे, कृपया यापुढे रक्कम येथे भरावी’ अशी सौम्य विनंती. इथे घाई करू नये. नावावर नव्हे, पूर्ण पत्त्यावर नजर टाकावी. त्यात एखादे अक्षर जास्तीचे असू शकते. पत्ता अगदी बरोबर असला तरी पुरवठादाराची पेटीच कोणी ताब्यात घेतलेली असू शकते, म्हणून आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे, पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. जोडलेल्या फाइलचे नाव ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसले तरी विंडोज नावाचा शेवटचा तुकडा एरवी लपवते, आणि त्यामागे ‘डॉट ईएक्सई’ दडलेले असू शकते. ही लपवाछपवी सेटिंगमध्ये बंद करता येते आणि ती करावीच.

दुव्याचे डोमेन उजवीकडून वाचायची सवयही लावून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या डोमेनवर जायचे होते. दुव्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगेच आधी हे शब्द नसतील, पण मध्येच कुठेतरी असतील, तर ते पान बँकेचे नाही.

आता प्रतीविषयी. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम चांगला आहे, परंतु त्यातली किमान एक प्रत संगणकापासून पूर्णपणे सुटी असली पाहिजे. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क रॅन्समवेअरला इतर ड्राइव्हप्रमाणेच दिसते आणि तीही कूटबद्ध होते. आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउडमध्येही बिघडलेल्या फायली चढू शकतात. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि अधूनमधून तीतली एखादी फाइल उघडून पाहावी.

तरीही हल्ला झालाच, तर आधी इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे, पडद्यावरील खंडणीच्या मजकुराचे छायाचित्र घ्यावे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. खंडणी भरूनही किल्ली मिळेल याची कसलीही खात्री नसते. कुलूपबंद फायली मात्र पुसू नयेत: पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर रॅन्समवेअरच्या काही जातींसाठी फायली सोडवणारी मोफत साधने मिळतात, आणि वर्षानुवर्षे उपाय नसलेल्या ‘फोबोस’ जातीसाठी जपानच्या पोलिसांनी २०२५ मध्ये असेच साधन खुले केले.