हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका

शाळेमुळे अमूर्त संकल्पना तयार होतात की नुसती शाळेला हवी तशी उत्तरं देण्याची सवय लागते, हा वाद १९३१ आणि १९३२ च्या उन्हाळ्यांतल्या दोन मोहिमांपासून चालत आला आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ तेव्हा उझबेकिस्तान आणि किरगिझियातल्या गावांत गेले होते. एका निरक्षर शेतकऱ्याला त्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून विचारलं, यातलं वेगळं काय? तो म्हणाला, सगळीच लागतात. एकाने ओंडका बाजूला काढला होता असं सांगितल्यावर त्याचं उत्तर होतं, त्याच्याकडे सरपण भरपूर असेल. वर्ष-दोन वर्षं शिकलेले मात्र ‘हत्यारं’ असा गट सहज पाडत. अहवाल पुस्तकरूपाने निघाला थेट १९७४ मध्ये. अल्पसंख्य समाजांचा अपमान होतो, असा आक्षेप तोवर त्याच्या आड आला होता.

खरा घोळ शब्दाचा आहे. या मोहिमांमागच्या सिद्धान्तात संकल्पनांचे दोन प्रकार मानले होते : रोजच्या व्यवहारातून आलेल्या आणि शाळेत शिकवलेल्या. दुसऱ्या प्रकाराला रशियनमध्ये ‘नाउच्नी’ म्हटलं. इंग्रजीत त्याचं ‘सायंटिफिक’ झालं आणि तिथून मराठीत ‘वैज्ञानिक’. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. ‘नाउच्नी’ ज्या शब्दावरून आला त्या रशियन ‘नाउका’मध्ये, म्हणजे ‘शास्त्रा’त, इतिहास, भाषाशास्त्र सगळंच बसतं, आणि या सिद्धान्तामागचे मूळ प्रयोग तर प्राथमिक वर्गातल्या समाजविषयक धड्यांवर झाले होते. मराठीत ‘शास्त्रीय’ हा शब्द हाताशी होता. व्याकरणाला शास्त्र म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. तो का सोडला, कोण जाणे.

मूळ उदाहरण पाहिलं की फरक लगेच कळतो. ‘भाऊ’ म्हणजे काय हे मुलाला अनुभवाने पक्कं ठाऊक असतं, पण ‘भावाचा भाऊ’ म्हटलं की ते गोंधळतं. आर्किमिडीजचा सिद्धान्त ते घडाघडा सांगतं. तिथे व्याख्या आधी येते, अनुभव मागाहून. मुद्दा विज्ञानाचा नाही, संकल्पना कोणत्या दारातून आत आली याचा आहे.

पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात या मांडणीचा कस लागला. तिथल्या शेतकऱ्यांनी वस्तू लावताना सुरीशेजारी कंद ठेवला. शहाणा माणूस असंच करील, म्हणाले. वैतागून संशोधकाने विचारलं, मग मूर्ख कसं लावेल? त्यांनी अन्न, भांडी, कपडे, अवजारं असे चार ढीग नीट लावून दाखवले. म्हणजे वर्गीकरण येत होतं. ते शहाणपणाचं लक्षण आहे, हे मान्य नव्हतं. माझ्या मते १९३१ च्या उत्तरांकडेही पुन्हा याच नजरेने पाहायला हवं.

त्याच देशात वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेरच शिकली जाते. त्यामुळे साक्षरता आणि शालेय शिक्षण वेगळं करून तपासता आलं. १९८१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या अक्षरओळखीने अमूर्त विचारात सरसकट फरक पडत नव्हता. शाळेचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो ‘असं का केलंस?’ याचं स्पष्टीकरण शब्दांत देताना.