जुनी इलेक्ट्रिक गिटार तपासायला आणताय? आधी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा

(जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी)

व्हॉट्सॲपवर गिटारच्या सीरियल नंबरचा एकच फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "भाऊ, नंबर तर बराबर लागतोय, मग ओरिजनलच ना?" उत्तर प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा हे छापून ठेवलं आहे. नुसत्या नंबरवरून आम्ही 'हो' म्हणत नाही. 'नाही' मात्र कधीकधी म्हणता येतं.

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या साधारण १९७६ पर्यंतच्या बहुतेक गिटारांचा नंबर, नेक (गिटारची मान) बॉडीला जोडलेला असतो तिथल्या मागच्या पत्र्यावर असतो. तो पत्रा स्क्रूंवर बसतो, म्हणजे पाच मिनिटांत एका बॉडीवरून दुसऱ्या बॉडीवर जातो. कोरे पत्रेही विकत मिळतात. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा नंबर हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे लाकडातच ठोकलेला असतो, तो हलवता येत नाही, पण १९६० च्या दशकात तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले गेले. १९७७ पासून आठ आकडे आले. त्यांतला पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन वर्षातला दिवस. ८२७६५५०१ म्हणजे १९८५ चा २७६ वा दिवस. कुणी तुम्हाला 'ऐंशीच्या दशकातली गिब्सन' दाखवली आणि मधले तीन आकडे ३६६ च्या वर असले, तर पुढचं बोलणं चहापुरतंच ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

बरेच जण गिटार आणण्याआधी ती 'जरा नीट' करून आणतात. आवाज खरखरतो म्हणून पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालचा भाग, बदलतात. जॅकची वायर सुटली म्हणून घराजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर मारून घेतात. पिकअप (तारांखालची चुंबक-कॉइल) मोजायचा म्हणून त्याची वायर सोडवतात आणि परत लावतात. हेतू चांगलाच असतो, पण आम्ही ज्यावरून निकाल देतो तेच नेमकं पुसलं जातं.

पॉटच्या पाठीवर कारखान्यात मारलेलं सोल्डर भिंगाखाली बघा. गोळा करडा पडलेला असतो. त्याच्या कडेने फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरमधल्या राळेचा, तपकिरी थर वाळून काचेसारखा राहिलेला असतो आणि वायरचं टोक त्यात पहिल्या दिवशी जसं बसलं तसंच अडकलेलं असतं. जुन्या फेंडरमध्ये वायरवर कापडी वेष्टण असतं, ते मागे सरकवून जोड दिलेला असतो, त्यामुळे कापडाचं टोक सहसा स्वच्छ राहतं. आयर्न पुन्हा लागला की फ्लक्स उकळून उडतो, कापड काळं पडतं, जुन्या गोळ्यावर नवा गोळा चढतो. मग हे काम कालचं, की वीस वर्षांपूर्वी कुणी पिकअपच बदलला तेव्हाचं, हे सांगायला काही उरत नाही. चमक पाहून अंदाज बांधू नका. शिसं नसलेलं आजचं सोल्डर पहिल्या दिवसापासूनच मंद दिसतं.

अशी गिटार आली की तपासणी लांबते आणि एवढं करूनही अहवालात 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहावं लागतं. तो शेरा वाचून खरेदीदार भाव पाडतो आणि राग आमच्यावर निघतो.

खरं तर पिकअप मोजायला सोल्डर काढावं लागतच नाही. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच एकाच पिकअपवर ठेवा. मल्टिमीटर २० किलोओहमवर करून केबलच्या दुसऱ्या टोकाला, पिनच्या टोकावर आणि तिच्या बाजूवर, दोन तारा लावा. पॉट समांतर असल्यामुळे आकडा दोनेक टक्के कमी येतो, तेवढं चालतं. १९६० च्या दशकातल्या स्ट्रॅटचे (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलचे) पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतात, त्याच काळातले गिब्सनचे हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) साधारण सात ते नऊ. आकडाच आला नाही तर कॉइल तुटलेली असू शकते, नाहीतर वायर सुटलेली. तुटलेली कॉइल आम्ही ४२ गेजच्या तारेने पुन्हा गुंडाळून देतो आणि तसं अहवालात लिहितो.

मोजताना हवा किती तापली आहे तेही लिहून ठेवा. तांब्याचा रोध एका अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीत २५ अंशांना ६.० दाखवणारा पिकअप आपल्याकडच्या मे महिन्यात ४२ अंशांना ६.४ दाखवेल. "तुमच्याकडे ठेवल्यावर पिकअप बदलला" ही तक्रार आम्ही ऐकली आहे, म्हणून आता गिटार घेताना आणि देताना दोन्ही वेळा आकडा आणि तापमान पावतीवर टाकतो.

पॉट काय सांगतं

अमेरिकन गिटारच्या पॉटवर, पाठीला किंवा कडेला, आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन उत्पादकाचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. १९६० नंतरच्या पॉटवर पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३२ म्हणजे सीटीएस, १९६६, बत्तिसावा आठवडा. त्याआधीच्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असतो, तिथे दशक बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.

पॉट फक्त एवढंच सांगतं की गिटार यापेक्षा आधीची नाही. नेकवर १९६८ आणि पॉट १९६६ चं असेल तर घाबरू नका. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, तो पुढे काही वर्षं वापरात होता. उलट झालं, म्हणजे नेक १९६५ चा आणि पॉट १९७३ चं, तर पॉट बदललेलं आहे किंवा नेक आणि बॉडी दोन वेगळ्या गिटारांच्या आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातलं सहा मिलिमीटरचं पॉट बसवलेलं असेल तर नॉबच सांगतो. अमेरिकन दांड्याला २४ दाते, मेट्रिकला १८, त्यामुळे जुना नॉब त्यावर नीट बसत नाही.

फेंडरच्या नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, १९६२ पासून शिक्का येतो, त्यातला पहिला आकडा तारीख समजून लोक फसतात. '२ मार्च ६२ बी' मधला २ हा मॉडेलचा क्रमांक आहे आणि 'बी' म्हणजे नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. हा शिक्का बघायला नेक स्वतः उघडू नका. तारा न सोडता स्क्रू काढले की लाकडातले आटे जातात.

बाकीच्या खुणा

१९५९ च्या मध्यापर्यंत स्ट्रॅटच्या पिकगार्डला (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पाटीला) आठ स्क्रू होते, नंतर अकरा. '१९५७' म्हणून आलेल्या बॉडीत अकरा भोकं असली तर उत्तर मिळालंच. जुनं सेल्युलॉइडचं पिकगार्ड आकसतं, त्याचे स्क्रू थोडे आत झुकतात आणि नेकजवळच्या पिकअपपाशी तडा जातो. साठ वर्षांनीही ते नव्यासारखं सपाट दिसत असेल तर शंका घ्या.

हंबकरचं धातूचं कव्हर उघडून आतल्या कॉइल बघायचा मोह आवरा. कव्हरचे दोन मूळ जोड पुन्हा मिळत नाहीत. पिकअपच्या तळाला असणारे 'पेटंट अप्लाइड फॉर' लिहिलेले स्टिकर नवे छापूनही मिळतात. नंतरच्या स्टिकरवरचा २७३७८४२ हा पेटंट क्रमांक तर पिकअपचा नसून गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा (तारांचं खालचं टोक अडकवायच्या भागाचा) आहे, म्हणून तो पाहून नकली ठरवू नका, खऱ्या पिकअपवरही तोच असतो. नकली गिब्सन ओळखायला ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या सळईचं) हेडस्टॉकवरचं झाकण पुरतं. खऱ्याला दोन स्क्रू आणि आत षटकोनी नट, नकलीला बहुधा तीन स्क्रू आणि आत ॲलन चावीचं भोक.

गंजावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे कूलरसमोर ठेवलेल्या गिटारचे स्क्रू दोन-तीन उन्हाळ्यांत गंजतात. शिवाय गंज आणणारी रसायनं कुणालाही मिळतात. वापराची झीज हात टेकतो तिथे असते, रसायनाची सगळीकडे सारखी.

रंगासाठी आम्ही अंधारात अतिनील टॉर्च वापरतो, नोटा तपासतात त्या जातीचा. जुनं नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं वार्निश) हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंग वेगळा डाग होऊन उठतो. पण आदल्या दिवशी पॉलिश फासलेलं असेल तर पॉलिशच चमकतं. थिनर तर लावूच नका, नायट्रो त्यात विरघळतं.

एक सांगायलाच हवं. खान्देशात येणाऱ्या जुन्या गिटारांत अमेरिकन थोड्या, जपानी जास्त. त्यांत अमेरिकन कोडचं पॉट नसणं हाच बरोबर प्रकार. आयबानेझच्या १९७५ नंतरच्या जपानी गिटारवर पहिलं अक्षर महिना आणि पुढचे दोन आकडे वर्ष दाखवतात: 'ई ७८' म्हणजे मे १९७८. गिव्हसन पाहून कुणी हसलं तर लक्ष देऊ नका. ती कोलकात्याची स्वतंत्र कंपनी आहे, नकली गिब्सन नव्हे. ऑर्केस्ट्राच्या दिवसांतल्या या गिटारी नीट सेट केल्या तर आजही छान वाजतात, आणि ते काम आम्ही आवडीने करतो.

फी आधी का घेतो?

गिटार नकली निघाली तरी वेळ तेवढाच जातो, म्हणून. तपासलेली गिटार आम्ही स्वतः विकत घेत नाही, त्यामुळे भाव पाडण्यात आमचा फायदा नसतो. अहवाल लेखी असतो, सोबत आतले फोटो. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटका स्क्रूसुद्धा, नाव लिहिलेल्या पाकिटात परत मिळतो. तुमच्याकडे आधीचे काढलेले पॉट किंवा वायरी पडल्या असतील तर त्याही आणा, त्यांवरून निकाल बदलू शकतो.

धुळे, नंदुरबार, शिरपूरकडून एसटीने येणाऱ्यांनी तारा एक-दोन सूर उतरवाव्यात आणि गिटार डिकीत न टाकता सीटजवळ ठेवावी. मार्च ते जून सकाळच्या गाडीने निघा. दुपारच्या डिकीत लॅकर फुगतं, आणि ते तिथेच झालं हे आम्हाला मग अहवालात लिहावं लागतं.