घरचे, दारचे आणि मदतीची झोळी : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

दूरच्या देशात भूकंप किंवा पूर आला आणि मदतीचे आवाहन झाले की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : आपल्याच माणसांची दैना असताना परक्यांसाठी झोळी कशाला फिरवायची? 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' या म्हणीतली चिडचिड त्यामागे असते आणि ती खोटी नसते. ज्याच्या वस्तीतला दवाखाना वर्षानुवर्षे डॉक्टरविना आहे, त्याने हा प्रश्न विचारला म्हणून त्याला निष्ठुर ठरवणे अन्यायाचेच होईल.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी लिस्बन उद्ध्वस्त झाले, तेव्हा ब्रिटिश संसदेने पोर्तुगालसाठी एक लाख पौंड मंजूर केले. परराष्ट्राला सरकारी तिजोरीतून मदत देण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. पुढे चारच वर्षांनी स्कॉटिश विचारवंत ॲडम स्मिथ यांनी लिहिले की, उद्या करंगळी जाणार असेल तर माणसाला रात्रभर झोप लागणार नाही, पण चीन भूकंपात गडप झाल्याचे ऐकूनही तो निवांत घोरेल. हा दाखला वारंवार दिला जातो. त्यापुढचा प्रश्न मात्र बहुधा गाळला जातो. ती करंगळी वाचवण्यासाठी तो त्या कोट्यवधी जिवांचा बळी देईल का? स्मिथ यांचे उत्तर ठाम नकाराचे होते आणि त्याचे कारण त्यांनी हळवेपणात नव्हे, विवेकबुद्धीत शोधले होते.

या वादाची खरी कसोटी आयर्लंडमध्ये लागली. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने कुजू लागले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली. आयर्लंड त्या वेळी युनायटेड किंगडमचाच भाग होता, म्हणजे संकट घरचे होते आणि तिजोरीही घरचीच होती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी लंगरांतून रोज सुमारे तीस लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळत होते, म्हणजे यंत्रणा होती आणि ती चालतही होती. तरीही काही महिन्यांतच ती बंद करून गरिबांचा भार आयर्लंडमधल्याच करदात्यांवर टाकण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी जमातीने भुकेल्या आयरिश लोकांसाठी वर्गणी गोळा केली. जेमतेम सोळा वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या भूमीतून हुसकावण्यास सुरुवात झाली होती आणि त्या सक्तीच्या पायपिटीत थंडी, उपासमार व रोगराईने त्यांची हजारो माणसे गेली होती. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील मिडल्टन येथे आज त्या वर्गणीचे स्मारक आहे : पोलादी गरुडपिसांचे वर्तुळ, वाडग्यासारखे वर उघडणारे.

परक्यांना दिले नाही की ते आपोआप घरच्यांच्या ताटात पडते, हे गृहीतक मला म्हणूनच मान्य होत नाही. अमेरिकेत परकीय मदतीवर केंद्रीय अर्थसंकल्पाच्या किती टक्के खर्च होतो, असे विचारले असता लोकांचा सरासरी अंदाज पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघाल्याचे सर्वेक्षणांत दिसले आहे. तेव्हा प्रत्यक्ष खर्च एक टक्क्याच्या आसपास होता.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांना शत्रुराष्ट्राच्या उपाशी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनमध्ये वाटल्याबद्दल अटक आणि दंड झाला. त्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्यांनी बहिणीसह 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी केली. १९३० च्या दशकातील मंदीत याच संस्थेने ब्रिटनमधील बेकार कुटुंबांच्या मुलांचे हालही चव्हाट्यावर आणले, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

माझ्या मते विभागणी घर आणि परदेश अशी नसून अचानक आलेले संकट आणि सोसून सोसून अंगवळणी पडलेले संकट अशी आहे. कुपोषण, क्षयरोग किंवा दूषित पाणी यांना कोसळण्याचा असा एक दिवस नसतो, म्हणून ती उंबरठ्याशी असली तरी नजरेआड राहतात आणि सातासमुद्रापार असली तरीही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देणग्यांचा इतका ओघ लागला की 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने आठवडाभरातच, त्सुनामीसाठी पुरेसा निधी जमला आहे, असे जाहीर केले. उरलेला पैसा ज्यांच्याकडे कॅमेरे वळत नाहीत अशा संकटांसाठी वापरू का, असे तिने देणगीदारांना पत्राने विचारले. पैसे परत मागणारे फार थोडे निघाले.