गाठीतूनच काढलेलं औषध

1968 साली बोस्टनजवळच्या वेस्ट रॉक्सबरीतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक गृहस्थ पित्ताशयाच्या दुखण्यासाठी दाखल झाले. शस्त्रक्रिया नेहमीचीच. ती करणारे स्टीव्हन रोझेनबर्ग तेव्हा शिकाऊ सर्जन होते. त्यांनी रुग्णाचे जुने कागद चाळले आणि ते चक्रावले. बारा वर्षांपूर्वी याच माणसाच्या जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्ग यांनी पोट उघडल्यावर यकृत चाचपून पाहिलं. एकही गाठ हाताला लागली नाही.

कॅन्सर असा आपोआप नाहीसा होणं फार दुर्मीळ. दुसऱ्या कुणी नशीब म्हणून कागद मिटले असते. रोझेनबर्ग यांनी या गृहस्थांचं रक्त जठराच्याच कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या दुसऱ्या रुग्णाला चढवलं. उपयोग शून्य. आजच्या नियमांत असला प्रयोग बसणं कठीणच. पण त्यामागचा प्रश्न त्यांना सोडेना: शरीराने जे एकदा स्वतःहून केलं, ते त्याच्याकडून मुद्दाम करवून घेता येईल का?

ब्राँक्समध्ये 1940 साली जन्मलेल्या रोझेनबर्ग यांनी जॉन्स हॉपकिन्समधून वैद्यकाची पदवी आणि हार्वर्डमधून जीवभौतिकीत पीएचडी घेतली. 1974 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, ते बेथेस्डा इथल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि पुढची पाच दशकं तिथेच राहिले. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत, आणि दोन्हीकडे माणूस तोच. त्यांच्या कामाचं मर्म मला तरी यातच दिसतं.

प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना सर्वांत उपयोगी पडला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. याच्या गाठी पुष्कळदा कातडीखालीच असतात, सहज कापून काढता येतात. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी या पेशींच्या जनुकांत इतके बदल झालेले असतात की प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे हा आजार विरळा. होतो तेव्हा बहुधा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नसतो. त्यामुळे तिथल्या काळ्या डागाकडे दुर्लक्ष होतं. गायक बॉब मार्ले दगावला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमानेच.

कॅन्सर ओळखून मारणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींतला एक प्रकार, शरीराबाहेर फार दिवस जगत नसत. 1976 मध्ये त्यांना वाढवणारं प्रथिन सापडलं: इंटरल्यूकिन-2. 1983 मध्ये त्याचं जनुक हाती आलं आणि जिवाणूंकडून हे प्रथिन मुबलक बनवून घेता येऊ लागलं. रोझेनबर्ग यांनी ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली. डझनावारी रुग्ण गेले, कुणालाच गुण आला नाही. मग 1984 च्या अखेरीस नौदलातली 33 वर्षांची एक अधिकारी आली. तिचा मेलॅनोमा अंगभर पसरलेला होता. तिला प्रचंड मात्रा दिली आणि काही महिन्यांत गाठी विरल्या.

हे औषध सोपं नव्हे. केशवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी साचतं, रुग्ण आयसीयूत जातो. 1998 मध्ये मेलॅनोमासाठी त्याला मान्यता मिळाली ती 270 रुग्णांच्या माहितीवर. गाठी आक्रसल्या 16 टक्क्यांच्या, पूर्ण गेल्या 6 टक्क्यांच्या. आकडा लहान आहे, पण त्या सहा टक्क्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले, आणि पसरलेल्या मेलॅनोमात तोवर असं क्वचितच दिसलं होतं.

वॉर्डात आणखी एक गोष्ट लक्षात आली. गुण आलेल्या काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उठत होते. म्हणजे चक्क कोड! टी-पेशी कॅन्सरबरोबर साध्या रंगपेशींनाही मारत होत्या, कारण दोघींवर तीच प्रथिनं होती. ज्या डागांना आपला समाज इतका घाबरतो, ते इथे उपचार लागू पडत असल्याचं लक्षण ठरले.

पुढची पायरी म्हणजे गाठीत आधीच शिरलेल्या टी-पेशी वापरणं. गाठ काढायची, तिचे एक ते तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा इंटरल्यूकिन-2 घातलेल्या द्रवात वेगळ्या खळग्यात ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत टी-पेशी बाहेर येऊन वाढतात आणि गाठीच्या पेशी फस्त करतात. मग त्या हजारो कोटींपर्यंत वाढवून त्याच रुग्णाच्या शिरेतून परत द्यायच्या. 1988 मध्ये मेलॅनोमाच्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष आले, पण दिलेल्या पेशी शरीरात टिकत नव्हत्या. 2002 मध्ये त्यावर तोड निघाली: पेशी देण्याआधी केमोथेरपीने रुग्णाच्या जुन्या लिम्फोसाइट पेशी (टी-पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) जवळपास साफ करायच्या, पेरणीआधी रान मोकळं करावं तशा. त्यानंतर 13 पैकी 6 जणांना चांगला गुण आला.

फेब्रुवारी 2024 मध्ये या पद्धतीवर आधारलेल्या लिफिल्यूसेल या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिल्या शोधनिबंधानंतर 36 वर्षांनी! त्याची किंमत पाच लाख डॉलरच्या वर आहे, आणि चाचणीत गाठी आक्रसल्या त्या तिघांतल्या जेमतेम एकाच्या. दरम्यान मेलॅनोमाला दुसरी औषधंही मिळाली. प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढणाऱ्या त्या औषधांमागच्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं. ते रोझेनबर्ग यांच्या वाट्याला आलं नाही.

टी-पेशींत नवं जनुक घालून त्यांना रक्ताच्या कॅन्सरवर सोडणारी कार-टी पद्धतही त्यांच्या विभागाने पुढे नेली. तिचा भारतीय अवतार, नेक्सकार19, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आला. 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. तो घडवणारे डॉ. राहुल पुरवार त्याआधी बोस्टनमध्ये मेलॅनोमाविरुद्धच्या टी-पेशींवरच काम करत होते. रक्ताच्या त्या कॅन्सरांत सगळ्या रुग्णांच्या पेशींवर सीडी19 हे एकच निशाण सापडतं, म्हणून एकच जनुक सर्वांना चालतं. मेलॅनोमात जनुकांतले बदल बहुतांशी ज्याचे त्याचे वेगळे. त्यामुळे तिथे अजून प्रत्येक रुग्णाची गाठ कापूनच सुरुवात करावी लागते.