बीपीए: प्लास्टिकमधला तोतया

ऑफिसातला वीस लिटरचा निळसर पाण्याचा जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक बनतं बिस्फिनॉल ए, म्हणजे बीपीएपासून. डबाबंद खाद्यपदार्थांच्या पत्र्याला आतून दिलेल्या एपॉक्सीच्या लेपातही बीपीए असू शकतं. एटीएमच्या गुळगुळीत पावतीवर ते असलं, तर कशाला बांधलेलंही नसतं. थेट बोटांना लागतं.

शरीरात हा रेणू इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (हार्मोनचा) तोतया म्हणून वावरतो. लंडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३०च्या दशकातच हे दाखवलं होतं. त्याचं प्लास्टिक बाजारात आलं १९५०च्या दशकात. म्हणजे आधी माहीत होता तो त्याचा संप्रेरकासारखा गुण, बाटल्या नंतर निघाल्या!

आता मधुमेह. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींमध्येही इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू (रिसेप्टर) असतात. स्पेनमधले संशोधक आंखेल नादाल यांच्या गटाने २००६ साली उंदरांना बीपीए दिलं. बीटा पेशी गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडू लागल्या आणि चारच दिवसांत उंदरांचं शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासं झालं. टाइप २ मधुमेहाची सुरुवात बहुधा अशीच होते.

माणसांचं काय? २००८ साली अमेरिकेतल्या १,४५५ प्रौढांच्या पाहणीत, लघवीत बीपीए जास्त असलेल्यांमध्ये मधुमेहही जास्त दिसला. पण बीपीए बहुतेक एका दिवसात शरीराबाहेर पडतं, त्यामुळे एका नमुन्यावरून वर्षांचा हिशेब लागत नाही. शिवाय पाकिटबंद खाणारा माणूस साखर-मैदाही जास्त खात असेलच की. म्हणून मला २०२४चा कॅलिफोर्नियातला प्रयोग मोलाचा वाटतो. त्यात ४० निरोगी प्रौढांपैकी काहींना रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० मायक्रोग्रॅम बीपीए दिलं, बाकीच्यांना नुसतं प्लासिबो, म्हणजे बीपीए नसलेला दिखाऊ डोस. चार दिवसांनी बीपीएवाल्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता घटली होती. आणि ही मात्रा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या लेखी सुरक्षित! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०२३ साली बीपीएच्या रोजच्या सुरक्षित मात्रेची आपली मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली.

पोट सुटणं, बैठं काम, आनुवंशिकता हे मधुमेहाचे बडे आरोपी आहेतच. बीपीए त्यांच्या जागी बसत नाही, त्यांना हात देत असावं. आणि ‘बीपीए-फ्री’ छापलेल्या वस्तूत बऱ्याचदा त्याचा सख्खा भाऊ बिस्फिनॉल एस, म्हणजे बीपीएस असतो. फ्रान्समधल्या नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात, लघवीत बीपीएस सापडलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त निघालं.