निवडणूक प्रचारातील डीपफेकचे नियमन

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवलेली वा बदललेली चित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती वापरून प्रचारात मतदाराची फसवणूक होऊ नये, यासाठी केलेले कायदे, निवडणूक आयोगांचे आदेश आणि समाजमाध्यम कंपन्यांची धोरणे यांचा समावेश या विषयात होतो. उमेदवार जे बोललाच नाही ते त्याच्या आवाजात ऐकवणे, त्याने जे केले नाही ते करताना त्याला दाखवणे, किंवा मतदानाची तारीख व पद्धत यांविषयी ओळखीच्या आवाजात खोटी माहिती पसरवणे हे या फसवणुकीचे नेहमीचे प्रकार आहेत. अशा बनावट सामग्रीला सर्वसाधारणपणे डीपफेक म्हणतात.

तंत्राचा वापर झाला म्हणजे फसवणूक झाली, असे मात्र नाही. २०२० च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आपले प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांचा संदेश याच तंत्राने हरियाणवी व इंग्रजीत फिरवला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तुरुंगात असलेल्या इम्रान खान यांचे भाषण त्यांच्या पक्षाने कृत्रिम आवाजात ऐकवले, आणि तो आवाज कृत्रिम असल्याचे सांगितलेही. ज्याचा चेहरा किंवा आवाज वापरला त्याची संमती होती का, आणि पाहणाऱ्याला खरे काय ते कळले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदा करणाऱ्यांनी ते अनेकदा एकत्र मिसळले आहेत.

नियमनाची गरज का भासली, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ रोजी मतदान होते. त्याच्या दोन दिवस आधी उदारमतवादी पक्षाचे नेते मिहाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार निवडणुकीत गैरप्रकार करण्याविषयी बोलत आहेत, अशी ध्वनिफीत पसरली. दोघांनीही ती बनावट असल्याचे सांगितले. परंतु मतदानापूर्वीचे ४८ तास प्रचार आणि निवडणूकविषयक वार्तांकन बंद ठेवण्याचा तेथील नियम असल्याने, खुलासा जिथे सर्वांत जास्त ऐकू जायला हवा होता तिथेच तो दबला. मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून राखलेला काळ बनावट सामग्रीच्या पथ्यावर पडला.

दुसरी घटना अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील आहे. जानेवारी २०२४ मधील प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, दोन दिवस आधी तेथील हजारो मतदारांचे फोन वाजले. पलीकडून तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्यासारखा आवाज, त्यांच्या तोंडी नेहमी असलेला एक शब्दप्रयोग वापरून, आता मत देऊ नका, ते नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असे सांगत होता. प्राथमिक निवडणुकीत मत दिल्याने नोव्हेंबरमधील मुख्य निवडणुकीतील मत मुळीच जात नाही, म्हणजे आवाजही खोटा होता आणि माहितीही. हे कॉल करवून घेणाऱ्या राजकीय सल्लागाराला दूरध्वनी व प्रसारणाचे नियमन करणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. मात्र जून २०२५ मध्ये ज्युरीने त्याला फौजदारी आरोपांतून निर्दोष सोडले. आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्येच, १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यातील 'कृत्रिम आवाज' या संज्ञेत असे आवाज येतात, असे जाहीर केले होते. नवा कायदा येईपर्यंत जुन्या कायद्याचा असा अर्थ लावणे, हाच अनेकदा सर्वांत जलद उपाय ठरतो.

स्वतंत्र कायदे प्रथम अमेरिकेतील राज्यांनी केले. टेक्सासच्या २०१९ च्या कायद्याने मतदानापूर्वीच्या ३० दिवसांत, उमेदवाराला हानी पोहोचवण्याच्या वा निकालावर परिणाम करण्याच्या हेतूने फसवी डीपफेक चित्रफीत बनवून ती प्रसारित करणे हा गुन्हा ठरवला. दक्षिण कोरियाने २०२३ च्या अखेरीस निवडणूक कायद्यात दुरुस्ती करून मतदानाआधीच्या ९० दिवसांत प्रचारासाठी डीपफेक वापरण्यास पूर्ण बंदी घातली. उल्लंघनासाठी ७ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी ते ५ कोटी वॉन दंडाची तरतूद आहे. त्या मुदतीबाहेर ठळक सूचना दिली की पुरते. ब्राझीलच्या सर्वोच्च निवडणूक न्यायालयाचा फेब्रुवारी २०२४ चा नियम त्याहून कठोर आहे. उमेदवाराच्या फायद्यासाठी वा नुकसानीसाठी जिवंत, मृत किंवा काल्पनिक व्यक्तीचा चेहरा वा आवाज घडवणे संमती असली तरी निषिद्ध आहे, आणि त्यापायी उमेदवारी वा निवडून आलेले पदही जाऊ शकते.

भारतात यासाठी वेगळा निवडणूक कायदा करण्याऐवजी निवडणूक आयोगाने सूचनांचा मार्ग धरला. मे २०२४ मध्ये आयोगाने अशी सामग्री निदर्शनास येताच ३ तासांत काढून टाकण्यास पक्षांना सांगितले. ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेत मोजमापही आले. कृत्रिम सामग्रीवरील लेबलाने दृश्य भागाचा किमान १० टक्के हिस्सा व्यापावा, आणि ध्वनिफितीत ते सुरुवातीच्या १० टक्के वेळात ऐकू यावे.

लेबलाचा आकार ही बाब किरकोळ वाटते, पण कॅलिफोर्नियात कायदा तिथेच अडला. तेथील सप्टेंबर २०२४ च्या कायद्याने विडंबनावरही मोठ्या अक्षरांत सूचना सक्तीची केली होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांचे विडंबन करणारी चित्रफीत बनवणाऱ्याने त्याला आव्हान दिले. ठरवून दिलेल्या आकारात सूचना छापली तर ती सगळा पडदाच व्यापेल, हे न्यायालयासमोर आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायद्याच्या बहुतांश भागाला तात्पुरती मनाई मिळाली. पुढे २०२५ मध्ये तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरला. राजकीय विडंबन हे व्यंगचित्राचेच भावंड आहे, आणि त्याची गळचेपी करणारा नियम, हेतू कितीही चांगला असला तरी, न्यायालयात टिकणे कठीणच. याउलट मतदानाच्या तारखेविषयी खोटे सांगणारा बनावट आवाज रोखण्यास विडंबनाचा आक्षेप आड येत नाही. म्हणून अशा नेमक्या, मोजक्या तरतुदी अधिक भक्कम म्हणाव्या लागतात.

युरोपीय संघाने दोन बाजूंनी वाट काढली. २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता अधिनियमात डीपफेक तसे असल्याचे उघड करण्याचे बंधन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या राजकीय जाहिरात नियमानुसार जाहिरात राजकीय असल्याचे आणि तिचे पैसे कोणी दिले हे दाखवावे लागते. त्याआधीच मेटा आणि गूगल यांनी संघात राजकीय जाहिराती घेणे थांबवले.

कंपन्यांनी स्वतःहूनही काही बंधने स्वीकारली. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्यूनिक येथे २० कंपन्यांनी निवडणुकीतील फसव्या सामग्रीविरुद्ध एकत्र करार केला. सामग्री कुठून आली याची नोंद तिच्यातच ठेवणारी मानके आणि न दिसणारे जलचिन्ह (सामग्रीत दडवलेली खूण) यांवरही काम चालू आहे. पण पडद्यावरील दृश्य दुसऱ्या फोनने टिपून पुढे पाठवले की फाइलमधील नोंद मागेच राहते. शिवाय कंपन्यांचे अनेक नियम पैसे देऊन केलेल्या जाहिरातींसाठी असतात, आणि हातोहात पुढे सरकणारी ध्वनिफीत जाहिरात म्हणून कुठेच नोंदली जात नाही.

डीपफेकची सवय झाली की खऱ्या पुराव्यालाही बनावट म्हणणे सोपे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये डेट्रॉइटजवळील हॅरिस यांच्या सभेच्या छायाचित्रातील गर्दी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली असल्याचा दावा डोनाल्ड ट्रम्प यांनी केला. प्रत्यक्षात सभेला हजारो लोक होते आणि अनेक वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांनी ती गर्दी टिपली होती. बनावट सामग्री बनवणाऱ्याला व पसरवणाऱ्याला शिक्षा देणारे वरील कायदे अशा दाव्याला लागू होत नाहीत, कारण तेथे बनावट असे काही तयारच झालेले नसते.